समुद्राजवळच्या अंगणात ग्रिल घ्यायचंय: कोळशाचं की गॅसचं?

नारळीपोफळी
घर गुहागरजवळ, समुद्र चारशे मीटरवर. मागच्या अंगणात ग्रिल ठेवायचं आहे. वापर ऑक्टोबर ते मे, महिन्यातून एखाददोनदा, माणसं आठ-दहा. बांगडा, सुरमई, चिकन, शाकाहारी मंडळींसाठी पनीर, कणसं, रताळी. समोर तीन पर्याय आहेत.

१. भाऊ न्यू जर्सीहून कायमचा परत येतोय. त्याचं तीन बर्नरचं प्रोपेनवरचं ग्रिल कंटेनरमध्ये टाकता येईल. बर्नरवर एकूण ३०,००० बीटीयू (दर तासाच्या उष्णतेचं तिकडचं माप) लिहिलंय.
२. झाकणाचं गोल कोळशाचं ग्रिल, ५७ सेंमीचं, इनॅमलवालं.
३. चिपळूणच्या फॅब्रिकेटरकडून हवं तसं बनवून घेणं.

चव वगैरे नंतर बघू. इकडे पत्र्याच्या वस्तूची दोन पावसाळ्यांत चाळण होते, त्यामुळे पहिला प्रश्न टिकण्याचा. दहा वर्षं काय टिकेल? आणि अमेरिकेतलं ग्रिल आपल्या सिलिंडरवर चालतं का?

गंजविरोधी
ताई, कोळसा की गॅस हा प्रश्न दुसरा. ग्रिल आगीने मरत नाही, जून ते सप्टेंबर नुसतं उभं राहून मरतं. तुमच्याकडे खारा वारा आहे आणि चार महिने हवा ओलीच. त्यात कोळशाच्या ग्रिलमध्ये राख राहिली तर ती दमट हवेतलं पाणी ओढून घेते आणि तिचा क्षारी चिखल तळाला चिकटून बसतो. पत्रा तळाला, राखेच्या रेषेवरच फुटतो, तो यामुळे. गॅसच्या ग्रिलमध्ये राखेची जागा मसाल्यातलं मीठ, लिंबू आणि ओघळलेली चरबी घेते. तिथे आधी बर्नरवरच्या उष्णतेच्या पट्ट्या जातात, मग बर्नरच्या नळ्या, मग तेलाच्या ट्रेचे कोपरे.

आता धातू. "स्टेनलेस आहे" एवढ्यावर पैसे देऊ नका. बाजारात तीन प्रकार भेटतात, आकडा म्हणजे स्टीलचा ग्रेड. ४३० ला चुंबक चिकटतं आणि किनाऱ्यावर त्यावर लवकर डाग येतात. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, तुम्हाला तो हवा. तिसरा २०२ आणि त्याचे भाऊबंद. त्यांत निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. गंमत अशी की २०२ लाही चुंबक चिकटत नाही, म्हणून दुकानदार चुंबक लावून "बघा, असली ३०४" म्हणतो तेव्हा त्याने फक्त एवढंच सिद्ध केलेलं असतं की तो ४३० नाही. उलट अस्सल ३०४ ला वाकवलेल्या कडेवर चुंबक किंचित ओढ दाखवतं, त्यावरून तो खोटा ठरवू नका. स्टीलच्या दुकानात आणि मोठ्या भंगारवाल्यांकडे तपासणीचं द्रव असतं. एक थेंब आणि छोटी बॅटरी, २०२ असेल तर डाग लाल पडतो. बिलावर ग्रेड लिहून घ्या, नुसतं "एसएस" नको.

३१६ कुणी गळ्यात मारेल. त्यात मॉलिब्डेनम असल्यामुळे खाऱ्या हवेत तो खरंच जास्त टिकतो, पण अख्खं ग्रिल त्याचं करणं म्हणजे पैशाची नासाडी. नटबोल्ट आणि बिजागऱ्यांच्या पिना तेवढ्या ३१६ च्या घ्या. सगळं शाबूत असताना एका गंजलेल्या बिजागरीपायी झाकण निखळतं.

पर्याय ३ घेतलात तर फॅब्रिकेटरला दोन गोष्टी आधीच सांगा. लोखंडावर वापरलेली ग्राइंडिंगची चकती स्टेनलेसवर फिरवायची नाही. लोखंडाचे कण पृष्ठभागात रुततात आणि महिनाभरात ठिपके ठिपके गंज दिसतो, मग सगळे स्टीलला शिव्या देतात. दुसरं, वेल्डिंगच्या कडेला निळा-तपकिरी पट्टा पडतो, गंज पहिला तिथूनच सुरू होतो. तो पिकलिंग पेस्ट (स्टेनलेस साफ करायची आम्लाची पेस्ट) लावून, भरपूर पाण्याने धुवून काढायला लावा. "बफ मारून देतो" हे त्याचं उत्तर नाही.

आणि आगीच्या पेटीला गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पत्रा अजिबात नको. जस्त ४१९ अंशांना वितळतं, निखाऱ्यांचा तळ त्याहून सहज वर जातो, आणि त्या जस्ताचा धूर अपायकारक असतो. स्वस्तातली बादलीची शेगडी त्यासाठीच टाळायची.

निळीज्योत
अमेरिकेतल्या ग्रिलबद्दल. चालतं, पण भावाला सिलिंडर आणि रेग्युलेटर तिथेच सोडून यायला सांगा. सिलिंडर सामानात येणारच नाही, आणि तिथला फिरवून बसवायचा रेग्युलेटर आपल्या सिलिंडरच्या तोंडाला बसत नाही. जोडणी करून देतो म्हणणारे ॲडॅप्टरवाले भेटतील, त्यांच्या नादी लागू नका.

दाबाचं गणित सोपं आहे. तिथलं प्रोपेन ग्रिल ११ इंच पाण्याच्या दाबावर चालतं, म्हणजे सुमारे २८ सेंमी. आपल्या घरगुती शेगडीला ३० सेंमी पाण्याइतका दाब असतो. फरक किरकोळ, त्यामुळे जेट, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणारी बारीक भोकाची तोटी, बदलायची गरज पडत नाही. ग्रिलच्या मॅनिफोल्डवर (सगळ्या बर्नरना गॅस वाटणारी नळी) आपल्या रबरी पाइपाचं नोझल बसवायचं, आणि पुढे आपला खटक्याचा रेग्युलेटर. मूळ रेग्युलेटर काढलाच पाहिजे. एकामागे एक दोन रेग्युलेटर लावले की दुसऱ्याला पुरेसा दाब मिळत नाही आणि ज्योत मेणबत्तीएवढी होते. मग लोक बर्नर खराब समजून बदलत बसतात.

आपल्याकडच्या एलपीजीत ब्यूटेनचं प्रमाण बरंच असतं. त्याच जेटमधून थोडी जास्त उष्णता येते आणि हवा कमी पडते, म्हणून ज्योतीची टोकं पिवळी होतात. बर्नरच्या तोंडाशी हवेची झडप असते, तिचा स्क्रू सैल करून ती किंचित उघडा. ज्योत निळी, टोकाला जेमतेम पिवळी झाक, एवढं आलं की थांबा. फार उघडलीत तर ज्योत भोकांवरून उडते आणि फरफर आवाज येतो.

हे सगळं प्रोपेनच्या ग्रिलला लागू. पाटीवर नॅचरल गॅस असं लिहिलं असेल तर त्याची भोकं मोठी असतात. ते एलपीजीवर लावलंत तर हातभर पिवळ्या ज्वाळा आणि काजळी. कंटेनर भरायच्या आधी पाटीचा फोटो मागवा.

३०,००० बीटीयू म्हणजे ८.८ किलोवॉट. तिन्ही बर्नर फुल ठेवले तर तासाला सुमारे ७०० ग्रॅम गॅस, म्हणजे १४.२ किलोचा सिलिंडर २० तास. प्रत्यक्षात दहा-पंधरा मिनिटं फुल आणि मग मध्यम, त्यामुळे सिलिंडर त्याहून जास्तच तास पुरेल. अडचण वेगळी आहे. घरच्या दोन बर्नरच्या शेगडीच्या जवळपास दुप्पट ओढ आहे ही. घरगुती रेग्युलेटरची क्षमता किलो प्रति तास या मापात ठरलेली असते, ती वितरकाला विचारा. कमी पडली तर तिसरा बर्नर लावला की पहिले दोन बसतात. उपाय म्हणून भट्टीचा हाय प्रेशर रेग्युलेटर लावणारे महाभाग आहेत. कृपया नको. ग्रिलचे कॉक आणि बर्नर त्या दाबासाठी नसतात.

पाइप केशरी सुरक्षा होज, दीड मीटरचा, त्यावरची तारीख बघून पाच वर्षांनी बदला. तो ग्रिलच्या पोटाखालून न्यायचा नाही, बाजूने. सिलिंडर ग्रिलच्या खालच्या कपाटात कोंबू नका. आपला १४.२ किलोचा बहुतेक मावतही नाही, बाहेर बाजूला उभा ठेवा. गॅस हवेपेक्षा जड असतो, खड्ड्यात किंवा बंद कोनाड्यात साचतो. जोडणीनंतर साबणाचं पाणी, प्रत्येक सांध्यावर, दर हंगामाला.

एक खास कोकणातली भानगड: कुंभारमाशी. बर्नरची नळी जिथे जेटवर बसते तिथलं तोंड तिच्या घरट्याच्या मापाचंच असतं. आत मातीचा बोळा असला की गॅस पुढे न जाता मागे फिरतो आणि नॉबच्या मागे पेटतो. कोळ्याच्या जाळ्यानेही तेच होतं. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा पेटवण्याआधी बर्नर काढून नळीत लांब ब्रश घालायचा, टॉर्च मारून आरपार उजेड दिसतो का बघायचं, मगच नॉबला हात.

भावाला आणखी एक सांगा: बर्नरचा एक जोड, उष्णतेच्या पट्ट्या आणि एक नॉब तिथूनच घेऊन ये. इथे त्या मापाचे मिळणार नाहीत आणि तीन वर्षांनी दोनशे रुपयांच्या नळीसाठी ग्रिल भंगारात जाईल.

पाव्हणा
होमस्टे असेल तर घरगुती सिलिंडर चालणार नाही, १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागेल. ताईंनी "आठ-दहा माणसं" म्हटलंय म्हणून शंका आली.

नारळीपोफळी
होमस्टे नाही, घरचीच माणसं. भूक मात्र होमस्टेची.

धग
मी कोळशाच्या बाजूचा, पण आंधळा नाही. आधी चवीचा वाद मिटवू. भाजल्याचा तो वास बराचसा चरबी आणि मसाला निखाऱ्यांवर पडून उठलेल्या धुराचा असतो. सुरमईची तुकडी सात-आठ मिनिटांत उतरते, तिच्यात गॅस आणि कोळसा यांचा फरक डोळे मिटून ओळखणारे थोडे. चिकनची तंगडी अर्धा तास झाकणाखाली राहते, तिथे फरक स्वच्छ कळतो. बांगडा तेलकट, तो मधे कुठेतरी.

५७ सेंमीच्या गोल ग्रिलबद्दल: हा आकार १९५२ साली शिकागोकडच्या जॉर्ज स्टीफन यांनी धातूच्या बोयाचे (पाण्यावर तरंगणारी खूण) दोन भाग करून काढला. इनॅमल म्हणजे पोलादावर भाजलेली काच. ती शाबूत आहे तोवर गंज शिरतच नाही. धोका टवका उडण्याचा. झाकण फरशीवर आपटलं, गरम भांड्यावर पाणी ओतलं, की टवका, आणि टवक्याखालून गंज. खरेदी करताना बोल्टांची भोकं आणि तळाच्या हवेच्या झडपेच्या कडा बोटाने चाचपून बघा. स्वस्त मालात तिथे इनॅमल पोचलेलंच नसतं, आणि काही ठिकाणी इनॅमल नसून नुसता काळा रंग असतो. नखाने किंवा किल्लीने खरवडलं की कळतं. पाय आणि राखेची थाळी बहुधा आधी जातात, ती सुटी मिळतात का ते विचारा. सोबत येणारी जाळी क्रोम मुलाम्याची असेल तर ती दोन हंगामांची पाहुणी, तीनशे चारची गोल जाळी फॅब्रिकेटरकडून करून घ्या.

कोळसा लोणारी, बाभळीचा मिळाला तर उत्तम. दोन तुकडे एकमेकांवर आपटा: खणखणीत आवाज आला तर नीट जळालेला. बद्द आवाज आणि आतून तपकिरी दिसला तर अर्धकच्चा, तो धूर करणार आणि डोळे चुरचुरणार. नारळाच्या करवंटीच्या विटा राख कमी करतात आणि एकसारख्या जळतात, पण पेटायला हट्टी. दोन्ही मिसळा, लोणारी पेटवायला आणि करवंटी टिकायला. दगडी कोळसा खाण्याच्या आगीत नाही म्हणजे नाही.

आठ-दहा जणांना दोन ते अडीच किलो. पेटवायला चिमणी घ्या: पत्र्याचं नळकांडं, खाली जाळी, तिच्याखाली वर्तमानपत्राची दोन पानं. वीस-पंचवीस मिनिटांत वरच्या तुकड्यांवर राखाडी साय धरते. रॉकेल नको, पेट्रोल तर मुळीच नको. निखारे अर्ध्या भागात पसरा, अर्धा भाग मोकळा. मासा निखाऱ्यांवर, चिकन आधी मोकळ्या बाजूला झाकण लावून, शेवटी निखाऱ्यांवर. जाळी निखाऱ्यांपासून दहा-बारा सेंमी वर.

मासा चिकटतो त्याची कारणं तीन: जाळी तापलेली नाही, मासा ओला आहे, किंवा उलटायची घाई झाली. पाच-सात मिनिटं नुसती जाळी तापवा. मासा फडक्याने कोरडा करून मग मसाला, आणि तेल जाळीला नाही, माशाला लावा. बांगडा आपणहून सुटेपर्यंत हात लावायचा नाही, चार-पाच मिनिटं एक बाजू. रवा लावून ग्रिल करू नका, तो गळून निखाऱ्यावर करपतो आणि कडू धूर देतो. रवा तव्याचाच.

झाल्यावर वर-खाली दोन्ही झडपा बंद. निखारे विझतात आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी कामाला येतो. दुसऱ्या दिवशी राख बाहेर. पाणी मारून विझवणाऱ्याच्या हातात ग्रिल देऊ नये.

चिरेबंदी
चौथा पर्याय कुणी काढलाच नाही. तुमच्याकडे जांभ्याचा चिरा स्वस्त आहे, बांधून टाका. बाहेर चिरा, आत फायर ब्रिक, म्हणजे आगीला टिकणारी वीट. चिरा पाणी धरून ठेवतो, थेट निखारा लागला की फुटतो, म्हणून आतलं अस्तर सोडायचं नाही.

आतलं माप ९० बाय ४५ सेंमी, अस्तर २३ सेंमी उंच, समोरची बाजू उघडी. नेहमीची फायर ब्रिक २३ × ११.५ × ७.५ सेंमीची. तळाला १६-१७, तिन्ही भिंतींना उभ्या लावून १७-१८. तुटफूट आणि कापणं धरून ४० मागवा. सांधा फायर क्लेचा, दोन-तीन मिलिमीटर, त्यात सिमेंट नाही. अस्तर आणि चिरा यांमध्ये सेंटिमीटरभर फट ठेवा. वीट तापून फुगते, फट नसली की बाहेरचा चिरा उभा तडकतो आणि गवंड्याला बोल लागतो. तळाला समोर हलका उतार, पाणी साचू नये म्हणून.

जाळी ३०४ च्या ८ मिमी सळ्यांची, मध्य ते मध्य १६ मिमी. ४५ सेंमीच्या छप्पन्न सळ्या, नुसत्या सळ्यांचं वजन दहा किलो. म्हणून दोन भागांत करा, नाहीतर उचलायला दोघं लागतील. भिंतीत १०, १५ आणि २० सेंमीवर अँगलच्या खाचा. हवा कमी-जास्त करण्यापेक्षा जाळी वर-खाली करणं सोपं.

बांधून झालं की दोन-तीन आठवडे वाळू द्या, मग चार-पाच दिवस मूठभर कोळशाची आग. पहिल्याच दिवशी पार्टी केलीत तर आतल्या पाण्याची वाफ सांधे उडवते.

जागा: संध्याकाळचा वारा समुद्रावरून येतो. भाजणारा उत्तरेला किंवा दक्षिणेला उभा राहील असं तोंड ठेवा, पूर्वेला उभा राहिला तर सगळा धूर त्याच्या तोंडावर. आणि माडाखाली नको. सुक्या झावळीचं कारण आहेच, नारळाचंही आहे.

निळीज्योत
चिरेबंदींचं बांधकाम टिकेल यात वाद नाही. पण दोन माणसांसाठी चार बांगडे भाजायचे असतील तेव्हा ते ९० सेंमीचं धूड कुणी पेटवत नाही.

चिरेबंदी
एक फायर ब्रिक सुटी ठेवायची, मध्ये आडवी लावायची, अर्धीच पेटी वापरायची.

नारळीपोफळी
सगळ्यांचे आभार. भावाकडून पाटीचा फोटो आला, प्रोपेनच आहे. तो ग्रिल आणतोय, आणि चिऱ्याचं दिवाळीनंतर. आता पावसाळ्याचं सांगा. पडवीत कव्हर घालून ठेवलं तर चालेल ना?

गंजविरोधी
पडवी चालेल, प्लास्टिकचं घट्ट कव्हर नाही. आत दमट हवा कोंडते आणि उघड्यापेक्षा जास्त गंज येतो. जुनी सुती चादर टाका, खालून हवा खेळू द्या.

मेअखेरीस एकदा वीस मिनिटं फुल पेटवून चरबी जाळा, थंड झाल्यावर जाळी आणि पट्ट्या ब्रशने खरवडा. तेलाचा ट्रे साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. जाळी बिडाची असेल तर तिला शेंगदाण्याच्या तेलाचा पातळ हात, वर्तमानपत्रात गुंडाळून घरात. बर्नर सोडवून घरात, तोंडांना फडक्याचे बोळे, म्हणजे कुंभारमाशीचा प्रश्न मिटला. बोळे लाल कापडाचे करा, ऑक्टोबरमध्ये काढायचे राहणार नाहीत. बोल्टांना ग्रीस. सिलिंडर सोडवून त्याची टोपी लावा. बाहेरून कार्टचं लोखंड असेल तिथे खरवडून प्रायमर आणि रंग, पण झाकणाच्या आत आणि पेटीत कुठलाच रंग नाही.

धग
आणि उरलेला कोळसा झाकणाच्या पिंपात. गोणीत ठेवलात तर तो पावसाळाभर ओल पितो आणि ऑक्टोबरमध्ये तडतडून ठिणग्या उडवतो. तसं झालंच तर दोन दिवस कडक उन्हात पसरा.